फी आज, शिष्यवृत्ती कधीतरी

बीड जिल्ह्यातल्या केजच्या एका ई-सेवा केंद्रात जुलै महिन्यात सकाळी दहाच्या आतच सगळ्या खुर्च्या भरलेल्या असतात. जागा टपरीएवढी. दोन संगणक, एक प्रिंटर, अंगठा घ्यायचं यंत्र आणि भिंतीवर चिकटवलेली दाखल्यांची यादी : उत्पन्न, रहिवासी, जात, नॉन-क्रिमीलेअर, गॅप सर्टिफिकेट. केंद्र चालवणारा तरुण स्वतः डी.एड. झालेला आहे. शिक्षकभरतीची वाट बघत बसण्यापेक्षा हे बरं, म्हणून त्यानं हा गाळा घेतला. त्याच्यासमोर दहावी झालेला एक मुलगा बसला होता. आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडला त्याचा नंबर लागला होता आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. आधी फोटो ठरलेल्या केबीत बसेना. तो बसला तर ओटीपी येईना. आधार वडिलांच्या मोबाइलला जोडलेलं, वडील दुसऱ्याच्या शेतात खुरपणीला, तिथे रेंज नाही. मुलगा बाहेर जाऊन चुलत्याला फोन करतो, चुलता मोटारसायकलवर शेतात जातो, आकडे वाचून दाखवतो. तोवर ओटीपीची मुदत संपलेली असते. मग पुन्हा पहिल्यापासून.

"दिवसाला असे पंधरा-वीस जण येतेत," केंद्रचालक सांगत होता. "फॉर्म भरून होतो हो. फॉर्म भरल्यावर पैसे कव्हा येतील, हे इचारतेत. ते मला कसं सांगता येईल?"

या अंकासाठी संपादकांनी 'हातातलं कौशल्य' हा विषय दिला, तेव्हा चांगल्या कारागिरांकडे, कारखान्यांत, कार्यशाळांत जावं असंच पहिल्यांदा मनात आलं होतं. पण ज्यांच्याशी बोललो त्यातले बहुतेक जण कौशल्याच्या आधीच्या गोष्टीकडे वळत राहिले. ते शिकायला पैसे कुठून आणले, कोणाचे आणले, ते फिटले का. मग मी तोच माग धरला. बीड, लातूर आणि चाकण या तीन ठिकाणी जे पाहिलं त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. गरीब घरातल्या मुलामुलींच्या व्यवसाय शिक्षणासाठी या राज्यात योजना कमी नाहीत, पैसाही तरतुदीत असतो. पण तो ज्या दिवशी लागतो त्या दिवशी हातात नसतो. मधल्या आठ-दहा महिन्यांची किंमत त्या घरातली माणसं मोजतात, आणि ती किंमत कुठल्याही सरकारी कागदावर येत नाही.

फीपेक्षा मोठा खर्च

सरकारी आयटीआयची फी ऐकून शहरातल्या वाचकाला वाटेल, यात अडचण कसली? सरकारी संस्थेत वर्षाची फी अगदी थोडी असते. खासगी आयटीआयत ती कितीतरी पटींनी वाढते. पण सरकारी जागा मिळालेल्या मुलाचाही खर्च फीपाशी संपत नाही. खाकी गणवेश, सेफ्टी शूज, ड्रॉइंगचं साहित्य, फिटरला व्हर्नियर कॅलिपर, इलेक्ट्रिशियनला पक्कड-टेस्टरचा संच. संस्थेत अवजारं असतात, पण वर्गात वीस मुलं आणि हत्यारांचे पाच संच असले की स्वतःचा संच असलेला मुलगा पुढे जातो, हे तिथले निदेशकच सांगतात.

मग येणं-जाणं. एसटीचा विद्यार्थी पास ६६.६७ टक्के सवलतीत मिळतो आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. या दोन गोष्टींनी खेड्यातल्या मुलींचं शिक्षण जितकं टिकवलं तितकं फार थोड्या योजनांनी टिकवलं असेल. पण पास चालतो तो गाडी असेल तिथे. सकाळी आठच्या प्रात्यक्षिकाला पोहोचायचं आणि गावातून पहिली गाडी सव्वाआठला, अशी अवस्था असली की वडाप आलं, नाहीतर तालुक्याला खोली आली. खोली आली की मेस आली. एका मुलीची आई मला म्हणाली, "फी आम्ही भरली असती हो. तिकडं ऱ्हायचं कसं, ह्यातच दोन महिने गेले."

सरकारी आयटीआयतल्या मुलांना विद्यावेतन मिळतं, हे अनेकांना माहीत नसतं. माहीत नसण्याचं कारणही आहे. कित्येक वर्षं ते महिन्याला ४० रुपये होतं. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ते ५०० रुपये केलं. ५०० रुपयांत महिना निघत नाही, पण पास निघतो, आणि पास निघाला तर मुलगा गैरहजर राहत नाही. इतक्या छोट्या रकमेचा इतका थेट परिणाम होत असेल, तर ती वाढवायला चार दशकं का लागावीत, हा प्रश्न मी अजून मनातून काढू शकलेलो नाही.

अर्ज आणि खातं यांच्या मधलं अंतर

महाडीबीटी या पोर्टलवर राज्याच्या बहुतेक शिष्यवृत्त्या एकत्र आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, उत्पन्न मर्यादा अडीच लाख. आयटीआयच्या मुलांसाठी व्यवसाय प्रशिक्षण शुल्काची प्रतिपूर्ती. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, तिची मर्यादा ८ लाख, आणि ती कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांनाच. जुलै २०२४ च्या निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. हा मोठा निर्णय आहे आणि त्याचं मनापासून स्वागत करायला हवं. केंद्राकडून तंत्रशिक्षणाच्या मुलींसाठी एआयसीटीईची 'प्रगती' शिष्यवृत्ती आहे. पदविका किंवा पदवीला असलेल्या मुलीला वर्षाला ५०,००० रुपये. राहण्याच्या खर्चासाठी अनुसूचित जातींच्या मुलांना 'स्वाधार', आदिवासी मुलांना 'स्वयम्', इतर काही गटांना पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता.

यादी वाचताना दिलासा वाटतो. अर्ज भरताना तो टिकत नाही.

पहिला अडथळा प्रवेशाच्या वाटेचा. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या बहुतेक योजना कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यालाच लागू होतात. दोन मार्कांनी हवं ते कॉलेज हुकलं म्हणून मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली, की शिष्यवृत्तीवर पाणी सोडावं लागतं. हे प्रवेशाच्या टेबलावर कोणी मोठ्यानं सांगत नाही. लातूरमध्ये पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा भेटला. त्याच्या वडिलांना हा नियम कळला तो पहिल्या वर्षाची पूर्ण फी भरून झाल्यावर. दुसऱ्या वर्षासाठी त्यांनी अर्धा एकर बटईनं दिला आहे.

दुसरा अडथळा खात्याचा. शिष्यवृत्ती आधारवर येते. म्हणजे आपण अर्जात लिहिलेल्या खात्यात नाही, तर ज्या खात्याला आधार शेवटचं जोडलं गेलं त्या खात्यात. मोबाइलच्या दुकानात सिमकार्ड घेताना एखाद्या पेमेंट बँकेचं खातं उघडलं गेलं, अंगठा दिला गेला, मुलगा ते विसरूनही गेला. शिष्यवृत्ती तिकडे जाते. मुलगा जिल्हा बँकेचं पासबुक भरून बघतो, तिथे काहीच नसतं. ई-सेवा केंद्रातला तो तरुण आता अर्ज भरायच्या आधी प्रत्येकाचं आधार कुठल्या बँकेला जोडलंय हे तपासतो. त्याचे पैसे तो घेत नाही. "ह्येच्यामुळं पोरं माघारी येत नाहीत," एवढंच त्याचं म्हणणं.

तिसरा अडथळा काळाचा, आणि तोच सगळ्यांत मोठा. प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये होतात. अर्ज भरण्याची मुदत पुढे सरकत राहते. मग कॉलेजच्या पातळीवर छाननी, मग समाजकल्याण किंवा संबंधित कार्यालय, मग निधी. त्रुटी निघाली की अर्ज माघारी येतो. पैसे येईपर्यंत वर्ष सरायला आलेलं असतं, कधी पुढचं सुरू झालेलं असतं. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत ६० टक्के वाटा उचलायचं ठरवलं आणि तो थेट विद्यार्थ्याच्या खात्यात द्यायचं ठरवलं. हेतू चांगला. पण त्यामुळे कॉलेजच्या दृष्टीने मुलगा स्वतः पैसे भरणारा झाला, आणि शिष्यवृत्ती यायच्या आधीच फीचा तगादा त्याच्या मागे लागला. शासन संस्थांना पात्र विद्यार्थ्यांकडून आगाऊ फी घेऊ नका असं पुनःपुन्हा बजावतं. खासगी संस्थांचंही एक गाऱ्हाणं असतं, की प्रतिपूर्ती वेळेवर आली नाही तर शिक्षकांचे पगार कशातून करायचे. ते खोटं नाही. फक्त त्या तिढ्यात शेवटी दाबला जातो तो हॉल तिकीट अडवून ठेवलेला मुलगा.

तोवर भागवतं कोण?

बीडमध्ये या प्रश्नाचं उत्तर अनेक घरांत एकच आहे : उचल.

ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला, म्हणजे एका कोयत्याला, मुकादम हंगामाआधी जी आगाऊ रक्कम देतो ती उचल. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, मार्च-एप्रिलपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोड चालते, आणि उचल त्या मजुरीतून फिटते. फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते. लग्न, आजारपण आणि आता शिक्षण, ही उचल वाढण्याची कारणं. धारूर तालुक्यातल्या एका घरी बसलो होतो. मुलगी लातूरला जीएनएम करते, तीन वर्षांचा नर्सिंगचा अभ्यासक्रम. वडिलांनी यंदा नेहमीपेक्षा ४०,००० रुपये जास्त उचलले. मी विचारलं, शिष्यवृत्तीचं काय?

"येईल की," ते म्हणाले. "आली की मुकादमाला देऊ. पण कॉलेजवाले म्हनले, आधी निम्मे तरी भरा. मुकादम आखाडातच पैसे देतो. सरकार कव्हा देतं, तुम्हीच सांगा."

आई तोवर गप्प होती. मग तिनं हिशोब मांडला, टनाला किती, दिवसाला किती टन, ४०,००० म्हणजे दोघांनी आणखी किती दिवस. तो तिच्या तोंडपाठ होता. मुलीला तो सांगितलेला नाही, असंही ती म्हणाली.

इथे मला एक स्पष्ट लिहायचं आहे. ही उचल बिनव्याजी दिसते, म्हणून घरं तिला सोपी मानतात. पण तिची परतफेड अंगमेहनतीतच होते, आजारी पडायची सोय राहत नाही, आणि धाकट्या भावंडाला सोबत न्यावं लागलं तर त्याची शाळा तुटते. एका मुलीचं प्रशिक्षण दुसऱ्या मुलाच्या शाळेतून वसूल होतं.

दुसरी वाट सोन्याची. मंगळसूत्रातली वाटी, कानातलं, सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत तारण. तिसरी सावकाराची. २०१४ च्या कायद्याने परवान्याशिवाय सावकारी गुन्हा आहे, तरी शेकडा तीन रुपये महिना हा दर बाजारात सहज ऐकू येतो. म्हणजे वर्षाला ३६ टक्के. शिष्यवृत्ती दहा महिने उशिरा आली तर २०,००० रुपयांवर ६,००० रुपये व्याज गेलेलं असतं. शिष्यवृत्तीतली ती रक्कम खरं तर सावकाराला मिळते.

चौथी वाट मला सगळ्यांत जास्त भावली. बचत गट. 'उमेद' आणि 'माविम' या सरकारी यंत्रणांमुळे गावोगाव गट आहेत. अंतर्गत कर्जाचा दर अनेक गटांत महिना दोन टक्क्यांच्या आसपास असतो. तो कमी नाही, पण व्याज गटातच राहतं आणि वर्षाअखेर वाटलं जातं. केज तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीला बसायला मिळालं. अंगणवाडीच्या ओसरीवर अकरा बायका, मधे लाल कापडात गुंडाळलेली वही आणि कुलूपबंद पत्र्याची पेटी. एकीनं मुलाच्या डिझेल मेकॅनिकच्या प्रवेशासाठी आठ हजार मागितले. कोणी तारण विचारलं नाही, उत्पन्नाचा दाखला विचारला नाही. एकीनं एवढंच विचारलं, "पोरगं रोज जाईल का? मागच्या साली शाळंला जात नव्हतं." त्या आईनं मान खाली घालून सांगितलं, आता जातो. मग वहीत नाव चढलं, अंगठ्याशेजारी सही झाली, पैसे मोजून दिले गेले. सगळं मिळून वीस मिनिटं लागली असतील. त्या मुलाच्या फीची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती.

बँकेच्या काउंटरवर

कागदावरचं शैक्षणिक कर्ज चांगलं आहे. बँकांच्या संघटनेने आखलेल्या नमुना योजनेत ४ लाखांपर्यंत तारण नाही आणि पदरचे पैसेही घालावे लागत नाहीत. आई किंवा वडील सहकर्जदार. अभ्यासक्रम संपेपर्यंत आणि पुढे एक वर्ष हप्ता नाही, मग १५ वर्षांपर्यंत परतफेड. 'विद्यालक्ष्मी' पोर्टलवर एकाच अर्जाने तीन बँकांकडे मागणी करता येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या 'पीएम विद्यालक्ष्मी' योजनेत देशातल्या निवडक (सुरुवातीला ८६०) संस्थांतल्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीन यांशिवाय कर्ज, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्क्यांची सवलत आहे. पण ती यादी उच्च शिक्षणातल्या वरच्या संस्थांची आहे. तालुक्याच्या आयटीआयला तिच्यात जागा नाही.

आयटीआय आणि छोट्या कौशल्य अभ्यासक्रमांसाठी वेगळी कौशल्य कर्ज योजना २०१५ पासून आहे. आधी ५,००० ते दीड लाखांपर्यंत, जुलै २०२४ पासून साडेसात लाखांपर्यंत. शाखेत मात्र या योजनेचं नाव काढल्यावर समोरचा माणूस चमकतो. एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखा व्यवस्थापकाने नाव न छापण्याच्या अटीवर मोकळेपणाने सांगितलं : ३०,००० च्या कर्जाला जेवढे कागद लागतात तेवढेच ३० लाखांच्या घरकर्जाला. छोटं कर्ज थकलं तर वसुलीला माणूस पाठवायचा खर्चही निघत नाही. त्यामुळे नकार थेट दिला जात नाही. वडिलांचं सिबिल बघू, पीककर्ज थकलंय का बघू, कॉलेज ज्या गावात आहे तिथल्या शाखेत जा, असं सांगितलं जातं. पालक दोनदा खेपा घालतो आणि सावकाराकडे वळतो.

तरीही माझा सल्ला असा की पदविका, जीएनएम किंवा त्यापुढच्या शिक्षणासाठी पहिला अर्ज बँकेतच करावा आणि तो लेखी करावा. तोंडी नकार घेऊ नये, नकाराचं कारण लेखी मागा. ४ लाखांच्या आत तारण मागितलं जात असेल तर रिझर्व्ह बँकेने तसं मागू नये असं बँकांना सांगितलेलं आहे, हे नम्रपणे पण ठामपणे सांगा. वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि संस्था व अभ्यासक्रम अटीत बसत असतील तर शिक्षणाच्या काळातलं व्याज केंद्र भरतं. त्याचा दाखला कर्ज घेतानाच जोडा. बसत नसाल तर एक गणित घरी करून बघा. समजा २ लाख रुपये १० टक्क्यांनी पहिल्याच दिवशी उचलले. तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर बिनहप्त्याचं एक वर्ष, एवढ्या काळात सरळव्याजानेही ८०,००० रुपये चढतात. प्रत्यक्षात रक्कम वर्षावर्षाने मिळते म्हणून आकडा कमी होतो, पण मुलगा कमावता होईपर्यंत कर्ज 'झोपलेलं' असतं हा समज चुकीचा आहे. दरमहा नुसतं व्याज भरता आलं तर भरावं. अनेक बँका त्यासाठी दरात सवलत देतात.

गोव्यात याबाबत एक साधी सोय आहे. तिथलं शिक्षण विकास महामंडळ तंत्र आणि व्यावसायिक शिक्षणासाठी बिनव्याजी कर्ज देतं. महाराष्ट्रात महामंडळं भरपूर आहेत, काहींच्या व्याज परताव्याच्या योजनाही आहेत, पण व्याज आधी भरायचं आणि मग परत मागायचं, हे ज्याच्याकडे आधी भरायला काही नाही त्याच्या कामाचं नाही.

टॅबवरची सही

याच पोकळीत अलीकडे एक नवा व्यवहार शिरला आहे. लातूर, छत्रपती संभाजीनगर, पुणे सगळीकडे तो दिसतो. सहा महिन्यांचा ॲनिमेशनचा, सॉफ्टवेअर टेस्टिंगचा, 'हॉस्पिटल असिस्टंट'चा कोर्स. समुपदेशक गोड बोलतो, नोकरीची हमी देतो, आणि हप्त्यांची काळजी करू नका म्हणतो. टॅबवर दोन सह्या होतात. आपण क्लासला हप्ते देतोय असं मुलाला वाटतं. वास्तविक त्याने एका वित्त कंपनीचं कर्ज घेतलेलं असतं, क्लासला पूर्ण रक्कम पहिल्या आठवड्यात मिळालेली असते. महिनाभरात शिकवणं पटलं नाही म्हणून तो सोडून येतो, हप्ता चालूच राहतो, थकला की सिबिल बिघडतं, आणि पुढे खऱ्या शैक्षणिक कर्जाची दारं बंद होतात.

सही करण्याआधी कर्ज देणारी कंपनी कोण, हे कागदावर मागा. एकूण किती फेडायचं आणि वार्षिक दर किती, हे सांगणारं पत्रक देणं रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी बंधनकारक आहे. डिजिटल कर्ज घेतल्यावर ठरावीक मुदतीत मुद्दल परत करून ते रद्द करण्याची सोयही द्यावीच लागते. नर्सिंगच्या नावाने चालणाऱ्या कोर्सबाबत तर एकच कसोटी : एएनएम, जीएनएम किंवा नर्सिंगची पदवी असेल आणि संस्था परिचर्या परिषदेच्या मान्यतेची असेल, तरच परिषदेकडे नोंदणी होते. बाकीच्या प्रमाणपत्रांवर मुली रुग्णालयात आयाचं काम करताना मी पाहिल्या. फी त्यांनी नर्सिंगची भरली होती.

शिकता शिकता पगार

चाकणजवळ खराबवाडीत एका खोलीत चौघं राहतात. एक परभणीचा, दोघं बीडचे, एक वाशिमचा. सगळे आयटीआय करून आलेले, आता वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांत ॲप्रेंटिस. भिंतीला खिळ्यावर चार गणवेश, कोपऱ्यात गॅसची छोटी शेगडी, आणि दाराला अडकवलेली खर्चाची वही. वाशिमच्या मुलाने ती काढून दाखवली. खोलीचा वाटा १,५००. एक जेवण कंपनीच्या कँटीनमध्ये, बाकीचं खोलीवर. मोबाइल. घरी १,०००. त्याखाली एक ओळ रेघेने वेगळी केलेली : 'डिप्लोमा – ५००'.

दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. हा मुलगा त्यासाठी साठवतो आहे. घरातून त्याला एक रुपया घ्यायचा नाही.

शिकण्याचा खर्च भागवायची जी जी वाट मी पाहिली त्यात हीच सगळ्यांत धड वाटली. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार ५,००० ते ९,००० रुपये ठरवलं, आयटीआय झालेल्याला ७,०००. केंद्राच्या प्रोत्साहन योजनेतून त्यातला पाव हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार देतं. महावितरण, एसटी, रेल्वे यांच्याकडेही जागा निघतात. वर्षाअखेर परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र.

पण याच खोलीतल्या बीडच्या एका मुलाकडे नोंदणीचा करारच नव्हता. त्याला कंपनी 'ट्रेनी' म्हणते. काम तेच, पाळ्या त्याच, पैसे थोडे जास्त. मात्र वर्ष संपल्यावर हातात प्रमाणपत्र नाही. रुजू होताना करार शासनाच्या पोर्टलवर चढला का आणि त्याचा क्रमांक काय, हे विचारायचं असतं, हे त्याला आयटीआयत कोणी सांगितलं नाही. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ पासून बारावी झालेल्यांना महिना ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये मिळू लागले. तिथेही तीच गोष्ट. मुलगा ग्रामपंचायतीत नोंदी करत बसला तर पैसे मिळतात, हात तयार होत नाही.

मागे कसं भागत होतं?

महाराष्ट्रात शिकायची सोय लागली ती बऱ्याचदा समाजाने लावली. वार लावून जेवणारी, माधुकरी मागणारी मुलं आपल्याला चरित्रांतून माहीत आहेत. ती सोय जातीपुरती होती हेही विसरता येत नाही. ती चौकट मोडली कर्मवीर भाऊराव पाटलांनी. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था, १९२४ मध्ये साताऱ्याचं वसतिगृह, सगळ्या जातींची मुलं एकत्र, आणि खर्च भागवायला मुलांचे स्वतःचे श्रम. वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रासकट, दिले. 'कमवा आणि शिका' तिथून आलं आणि आज विद्यापीठांतही चालतं. पुण्यात १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती ग्रामीण मुलांना अल्प खर्चात राहायला जागा देते.

पैसे मधेच थांबले तर काय होतं, याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये त्यांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, म्हणून कोलंबिया शक्य झालं. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि लंडनमधलं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात नोकरी, त्यातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेनांकडून ५,००० रुपयांचं कर्ज, एवढं जुळल्यावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. त्या असामान्य माणसाने मधली तीन वर्षं भरून काढली. धारूरच्या किंवा केजच्या मुलाचं एकदा सुटलेलं ॲडमिशन सहसा सुटतंच.

याला एक तोडगा सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीच सापडला होता. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिकणाऱ्यांसाठी निधी काढला तो कर्जाऊ शिष्यवृत्तीचा. शिकून कमावायला लागल्यावर परत करायची आणि तोच पैसा पुढच्याला. त्याच्या सुरुवातीच्या मानकऱ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. आज तालुक्याच्या पातळीवर नेमकं हेच लागतं, आणि ते टाटांइतकं श्रीमंत नसतानाही करता येतं. कारण इथे द्यायचं आहे ते फक्त शिष्यवृत्ती येईपर्यंत. २ लाखांच्या निधीतून दहा-दहा हजारांप्रमाणे वीस मुलांची फी जुलैत भरली, शिष्यवृत्ती आली की पैसे निधीत परतले, पुढच्या जुलैत पुन्हा वीस मुलं. काही पैसे बुडतील, ते धरून चाला. हिशोब बचत गटाकडे किंवा संस्थेच्या प्राचार्यांसह तीन-चार जाणत्यांकडे द्या. देताना आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते तपासा आणि प्रवेश कॅपमधून झालाय का ते पाहा. बुडण्याची निम्मी कारणं तिथेच संपतात.

हा अंक पुण्या-मुंबईत, बंगळुरूत, दुबईत, अमेरिकेत वाचणाऱ्या अनेकांचं शिक्षण अशाच कोणाच्या तरी वेळेवर दिलेल्या पैशांवर झालं आहे. दिवाळीला गावी जाल तेव्हा जवळच्या सरकारी आयटीआयच्या प्राचार्यांना भेटा. यंदा किती मुलांनी पैशांअभावी मिळालेली जागा सोडली, एवढं विचारा. आकडा ते सांगतील. दहा मित्रांनी प्रत्येकी २०,००० रुपये काढले की निधी उभा राहतो. पुढचे प्रवेश पावसाळ्याच्या तोंडावर सुरू होतील. दिवाळीपासून तयारीला सात-आठ महिने मिळतात.